थाळी गोल दिसली पाहिजे

"वहिनी, एक सांगून ठेवतो. चित्राच्या दोन्ही बाजूले काळ्या पट्ट्या दिसतीन. त्याइच्या नादी लागू नोको. पट्ट्या हाकलाले जाशीन तर माणसं हाकलशीन."

बबलूनं हे सांगितलं तेव्हा तो मोटरसायकलला किक मारत होता आणि राखीचं अर्धं लक्ष राहीच्या तोंडाकडे होतं. चार वर्षांच्या राहीनं पेनड्राइव्हचं टोपण तोंडात घातलं होतं. राखीनं ते काढून घेतलं, पोरीचा जबडा उघडून आत आणखी काही नाही ना ते पाहिलं, ओढणीनं तिची लाळ पुसली आणि मग दिराला म्हणाली, "भाऊजी, बी.एस्सी. झाली मी. एक टीव्ही लावता येत नाही काय मले?"

"येते ना. म्हनूनच सांगून राह्यलो," असं म्हणत बबलू आर्णीच्या रस्त्याला लागला. तिथं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

त्या बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये थोरल्या नणंदेचं, उज्ज्वलाचं लग्न होतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्या लग्नात तांड्यात पहिल्यांदा व्हिडिओवाला आला होता. त्याची कॅसेट भुरीबाईनं इतकी वर्षं पेटीच्या तळाशी, आरशांचा घेरदार घागरा, म्हणजे फेटिया असतो ना, त्याच्या घडीत गुंडाळून ठेवली होती. कॅसेट लावायचं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं, तरी दर दिवाळीला पेटी आवरताना ती कॅसेट बाहेर काढायची, पुसायची, परत ठेवायची. यंदा बबलूनं ती कुठूनतरी साफ करून आणली आणि पेनड्राइव्हवर उतरवली.

भुरीबाई म्हणजे राखीची सासू. घरात सगळे तिला याडी म्हणत. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आईला याडी म्हणतात, आणि राखीही लग्न होऊन आली तशी तिला याडीच म्हणायला लागली होती.

याडीला लग्न पाहायचं नव्हतं. तिला तिची आई पाहायची होती.

तिची आई धनीबाई. तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. फोटोवाला दिसला की ती घुंगट हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची आणि वर त्यालाच दोन शिव्या द्यायची. पण नातीच्या लग्नात ती गात होती, आणि गाताना तिला कॅमेऱ्याचं भान राहिलं नव्हतं. तेवढीच काय ती धनीबाई या जगात शिल्लक होती. लग्नानंतर पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली.

"आता मले तिचं तोंडही धड आठवत नाही गं," याडी परवा राखीला म्हणाली होती. "कानापाशी लोंबनाऱ्या घुगऱ्या आठवतात, हातातल्या बलिया आठवतात, आवाज आठवते. तोंड डोयापुढं येतच नाही. एकडाव पाह्यते मी तिले."

हे ऐकल्यापासून राखी रविवारची वाट पाहत होती, परीक्षेच्या निकालाची पाहायची तशी.

रविवारची दुपार. भारत, म्हणजे राखीचा नवरा, शेतात गेलेला. नवा त्रेचाळीस इंची टीव्ही भिंतीवर, आणि त्याच्यापासून सात-आठ पावलांवर जमिनीवर खडूची एक रेघ. ती रेघ राखीनं राहीसाठी मारली होती. रेघेच्या पलीकडं गेलीस तर टीव्ही बंद! डोळ्यांच्या बाबतीत राखी कुणाचं ऐकत नसे. पोरगी जरा डोळे चोळताना दिसली की तिला उजेडात नेऊन पापण्या उलट्या करून पाही. राही बिचारी रेघेमागं मांडी घालून बसायची. आणि याडी रेघ ओलांडून, टीव्हीपासून हातभर अंतरावर पाट टाकून बसायची. राखीनं सांगून पाहिलं होतं. "मले मागून नाही जमत," एवढंच ती म्हणे. म्हाताऱ्या माणसाला कोण रेघ मारणार?

शेजारची मैनाबाई बोलावण्याच्या आधीच आली. तिनं अंगावर नवं लुगडं चढवलं होतं.

"मैनामाय, सिनेमाले चालली काय?" राखीनं विचारलं.

"मी हाये ना त्या लग्नात! चांगली दिसाले नको?"

"माय, ते तेव्हाची तू दिसशीन. आजचं लुगडं कोन पाह्यते?"

"तू पाह्य ना. तुले काय डोये नाहीत?"

राखीनं पेनड्राइव्ह लावला. निळ्या पडद्यावर आधी मुंग्या धावल्या, मग खरखर झाली आणि एकदम नगारा वाजायला लागला. तांडा! तेव्हाचा तांडा, मातीच्या भिंती, कवेलूच्या छपरांची घरं, तांड्याचा मुखिया असलेल्या नायकाच्या अंगणातलं ते लिंबाचं झाड. मैनाबाई टाळ्या पिटायला लागली. राही रेघेमागून ओरडली, "आई, सगळे जाडे!"

सगळे खरंच जाडे होते. नवरदेव खाटेएवढा रुंद. बायांची तोंडं कढईसारखी पसरट. नगाऱ्याजवळ जमिनीवर बसलेला एक माणूस काठीनं पितळी थाळी वाजवत होता आणि ती थाळी आंब्याच्या आकाराची दिसत होती.

"अगं बया, हे कोन?" मैनाबाईनं पडद्यावर बोट ठेवलं. "मीच की काय! कशी भरल्या अंगाची होती पाह्य."

"तू तेव्हा काडीवानी होती," याडी पुढं बसूनच म्हणाली. "जीव होता काय तुह्यात?"

"तुले कायले जळते? टीव्ही सांगते ते खरं."

राखीनं चित्र थांबवलं. तिची नजर थाळीवर होती. पितळी थाळी आंब्यासारखी असते का कुठं? रिमोटवरून ती चित्राच्या आकाराच्या यादीत शिरली. तिथं 'वाइड' निवडलेलं होतं. तिनं खाली 'झूम' दाबलं. माणसं एकदम बारीक झाली, थाळीवाला मात्र गायब. त्याचं डोकं तेवढं खालच्या कडेला डुचमळत होतं. तिनं चित्र थोडं पुढं नेलं तर हावेलीचा प्रसंग आला. नवरीला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी करतात आणि ती दोन्ही हात वर करून रडत-गात तांड्याचा निरोप घेते, ती हावेली. बैल दिसत होता, बैलाच्या पाठीवर उभी उज्ज्वला खांद्यापर्यंत दिसत होती. डोकं आणि हात पडद्याच्या वर, कुठंतरी भिंतीत.

"पोरीचं मुंडकं गेलं!" मैनाबाई किंचाळली. "शुभ कामात हे काय दाखवून राह्यली राखी?"

माणसं हाकलशीन. बबलूचा शब्द राखीला आत्ता आठवला, आणि मनातल्या मनात तिनं त्याला एक चहा कबूल केला.

पण नुसतं मानून गप्प बसणारी ती नव्हती. तिला हे समजून घ्यायचं होतं. राहीच्या खडूनं तिनं टीव्हीशेजारच्या भिंतीवर एक चौकट काढली. जुना टीव्ही: उंची तीन, रुंदी चार. तिच्यावर दुसरी काढली. नवा टीव्ही: उंची नऊ, रुंदी सोळा. मग दोन्हींची उंची सारखी करून पाहिली. तीन गुणिले तीन नऊ, चार गुणिले तीन बारा. बारा आणि सोळा! नव्या पडद्यावर चार हिस्से रिकामे राहणारच. दोन इकडं, दोन तिकडं. कुणाचा बिघाड नाही, कुणाची चूक नाही.

"याडी! मैनामाय! पाहा ना!" तिचा आवाज चढला होता. कॉलेजात फळ्यावर गणित सुटलं की तिचा आवाज असाच चढायचा. "राहीची गोधडी मोठ्या खाटेवर टाकली तर काय होते?"

"दोन्ही बाजूनं खाट उघडी राह्यते," मैनाबाई म्हणाली.

"हे उघडी राहिलेली खाट म्हणजे काळ्या पट्ट्या! आता खाट झाकाले गोधडी ओढून ताणली तर?"

"टाके उसवतीन. फुलं वाकडी होतीन."

"म्हणून सगळे जाडे झालते. सोळाच्या खाटेवर बाराची गोधडी ताणली. बाराची सोळा म्हणजे तिसरा हिस्सा जास्तीचा. मैनामाय, तुह्या अंगावरचा तिसरा हिस्सा टीव्हीचा हाये."

"राहू दे, मले चालते."

"अन् झूम म्हणजे गोधडीच मोठी आणली, पण ती खाटेच्या वरून अन् खालून लोंबाले लागली. लोंबलं ते टीव्ही कापून टाकते. चौथा हिस्सा गेला! वरून नवरीचे हात गेले, खालून थाळीवाला गेला."

"अन् परवाच्या सिनेमात पट्ट्या वरखाली होत्या ते?" मैनाबाईनं विचारलं. तिला आता रस यायला लागला होता. "हा टीव्ही रोज नव्या बाजूनं खाते काय?"

राखीनं भिंतीवर तिसरी चौकट काढली, सोळाहूनही लांब, आडवी पसरलेली. "तो सिनेमा टाकीजच्या पडद्यासाठी काढलेला. टाकीजचा पडदा आपल्या टीव्हीहूनही लांबट. ते लांब गोधडी आपल्या खाटेवर रुंदीत बसवली की वरखाली खाट उघडी पडते. पाह्य ना माय, सगळं एकच गणित हाये!" ती हसायलाच लागली. "अन् समजाले सोपी खूण. थाळी गोल दिसली पाहिजे. थाळी गोल तर माणसं खरी."

तिनं 'चार-तीन' निवडलं. दोन्ही बाजूंना सहा-सात बोटांच्या काळ्या पट्ट्या आल्या, आणि मधे थाळी पुनवेच्या चांदासारखी गोल झाली. मैनाबाई काडीसारखी झाली. तिनं तोंड वाकडं केलं पण डोळे पडद्यावरून काढले नाहीत.

राखीनं चित्र हावेलीपासून चालू केलं. बैलाच्या पाठीवर उज्ज्वला, तिचे वर केलेले दोन्ही हात, मनगटापासून दंडापर्यंत बांगड्या, आणि मागं सगळ्या बायांचा एकत्र चढत जाणारा सूर. याडी गुडघ्यांवर हात ठेवून पुढं वाकली होती.

तेवढ्यात डाव्या कडेनं एक म्हातारी चित्रात आली. घुंगट पार मागं पडलेला, कानांशी घुगऱ्या हलत होत्या, तोंड उघडं, गात होती. तिनं नातीच्या पायावर हात ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"आली!" मैनाबाई उठूनच उभी राहिली. "भुरे, आली तुही याडी! पाह्य, पाह्य!"

राखीनं ते तोंड पहिल्यांदाच पाहिलं. धनीबाई! तिचीच हनुवटी भारतला आलेली. राहीलाही तीच.

"कुठं?" याडी म्हणाली.

"ते काय! बैलापाशी!"

"बैलापाशी कोनी नाही." याडीचा आवाज कोरडा पडला होता. "उज्वी दिसून राह्यली. माही याडी कुठं हाये?"

व्हिडिओवाल्यानं कॅमेरा फिरवला आणि धनीबाई चित्राबाहेर गेली. राखीनं मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा धनीबाई आली, पुन्हा नातीच्या पायावर हात ठेवला.

"नाही दिसत," याडी म्हणाली. मग एकदम तिचा राग फुटला. "पट्टीच्या मांगं झाकली तुमी तिले! मले गोधड्या नोको सांगू राखी. पट्टी काढ ते!"

"पट्टीखाली काही नसते याडी. ती रिकामी खाट हाये."

"काढ म्हनते ना मी!"

राखीनं काढली. काय करणार? 'वाइड' लावलं. रुंद झालेली धनीबाई पडद्याच्या पार डाव्या कडेला ढळढळीत उभी होती. याडीला दिसली नाही. 'झूम' लावलं. उज्ज्वलाचं डोकं गेलं, पण धनीबाई होतीच. याडीला दिसली नाही. मैनाबाई कपाळाला हात लावून बसली. राखीनं परत थाळी गोल केली, धनीबाई आली त्या क्षणाला चित्र गोठवलं आणि स्वतः टीव्हीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. बोटानं दाखवावं म्हणून.

"तू आता मले शिकवतं काय..." असं म्हणत याडीनं तिच्यावर ओरडायला मान डावीकडं फिरवली.

आणि मान तिथंच थांबली.

तिची नजर राखीवर नव्हती. राखीच्या कोपराखाली, पडद्याच्या कडेला होती. मग तिनं दोन्ही हात पुढं केले आणि काचेवर ठेवले. धनीबाईच्या गालांवर.

"हे काय हाये," ती म्हणाली. "हे काय हाये वं याडी. इथंच तर हाये तू."

मैनाबाई रडायला लागली. राही रेघ ओलांडून आली आणि आजीच्या मांडीवर चढली, आणि त्या दिवशी राखीनं तिला काही म्हटलं नाही. याडी हसत होती, डोळे पुसत होती, पडद्यावरच्या बाईला गोरबोलीत भराभरा काहीतरी सांगत होती. राखीनं नवऱ्याला फोन लावला, "अहो, दिसली!" एवढंच ओरडली आणि बंद केला. मग उज्ज्वलाताईला लावला. मग बबलूला. सगळ्यांना एकच सांगत होती. दिसली!

आणि हे सगळं चालू असताना राखीच्या मनात एक खडा टोचत होता.

पडद्यावर धनीबाई होती. पट्टीखाली गेली नव्हती, कापली गेली नव्हती. मग मान फिरवेपर्यंत याडीला ती का दिसली नाही?

तिला एकेक आठवायला लागलं. डाव्या हाताला ठेवलेला चहा निवून जायचा आणि याडी म्हणायची, मले चहा दिलाच नाही. दाराच्या डाव्या फळीला याडीचा खांदा लागायचा. आर्णीच्या बसस्टँडवर डावीकडून आलेली मोटरसायकल अंगावर येईपर्यंत याडीला कळली नव्हती, आणि सगळ्यांनी त्या मोटरसायकलवाल्यालाच झापलं होतं. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, वय झालं. आज सगळे म्हणाले, पट्टी आहे. दोष द्यायला काहीतरी सापडलं की माणूस पुढं पाहत नाही.

"याडी, एक खेळ खेळू," राखी तिच्यासमोर बसत म्हणाली. तिनं आवाज मुद्दाम हसरा ठेवला. "उजवा डोया झाक. माह्या नाकाकडं पाह्य. दुसरीकडं पाह्यशीन तर बाद."

"आता हे काय नवीन?" पण याडी आज खुशीत होती. तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला आणि म्हणाली, "दिवा काहून बंद केला?"

दिवा लावलेलाच नव्हता. दुपारचं ऊन दारातून घरभर पसरलं होतं.

मग दुसरी बाजू. याडीनं डावा डोळा झाकला. या डोळ्यानं राखीचं नाक दिसत होतं, उजवीकडची बोटं दिसत होती. तिच्या डावीकडून बोटं हलवत आणली तर पार राखीच्या कानापाशी येईपर्यंत याडी म्हणत राहिली, "हलव ना मंग, काहून थांबली?"

"आजी हरली!" राही टाळ्या वाजवत म्हणाली.

"नाही," राखी म्हणाली. "आजी लवकर सापडली."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती आणि भारत याडीला आणि राहीला घेऊन यवतमाळला गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब टाकले, यंत्रासमोर बसवलं, दिवे चमकवले, डोळ्यातला दाब मोजला. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, आणि उजव्या डोळ्याला नाकाकडचं, म्हणजे डाव्या बाजूचं, दिसेनासं व्हायला लागलेलं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. एक डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो.

"गेलं ते परत नाही येत," बाई म्हणाल्या. "पण उरलेलं सांभाळता येतं. थेंब चुकवायचे नाहीत, तपासण्या चुकवायच्या नाहीत. कोणी ओळखलं हे?"

भारतनं बायकोकडं पाहिलं. राखी राहीच्या बुटाची नाडी बांधत होती, गरज नसताना.

"टीव्हीनं," याडी म्हणाली.

आता तांड्यात रविवार आला की लग्न लागतं. उज्ज्वलाताई सासरहून येऊन स्वतःची हावेली पाहून रडून गेली. बबलू येतो, पट्ट्यांकडं बोट दाखवून "सांगतलं होतं ना?" म्हणतो आणि राखी त्याला मनात कबूल केलेला चहा पाजते. मैनाबाई अजूनही हळूच म्हणते, "मले एकडाव जाडी करून दाखव वं." याडीचा पाट टीव्हीसमोरून हलला. तो आता खडूच्या रेघेवर असतो, थोडा डावीकडं, म्हणजे मान न वळवता धनीबाई तिला उजव्या डोळ्यात सापडते. थेंबांची बाटली टीव्हीखालच्या कोनाड्यात आहे, आणि सकाळ-संध्याकाळ राही ओरडते, "आजी, थेंब!"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हा रोग रक्ताच्या नात्यात असू शकतो. म्हणून भारत, उज्ज्वलाताई, बबलू, सगळ्यांना राखीनं आळीपाळीनं यवतमाळला पिटाळलं. बबलू कुरकुरला. "वहिनी, मले सगळं दिसते." त्यावर ती म्हणाली, "याडीलेही दिसत होतं."

आणि आता ती तुमच्याही मागं लागणार आहे. तुमच्या घरात टीव्हीच्या अगदी पुढ्यात सरकून बसणारं कुणीतरी असेल. आई असेल, सासू असेल, बाजूच्या घरातली एकटी आजी असेल. ते दाराला धडकत असतील आणि तुम्ही वय म्हणत असाल. तुम्हाला सगळ्यांना दिसणारं माणूस त्यांना दिसत नसेल आणि तुम्ही पट्टी म्हणत असाल. राखीचं एवढंच म्हणणं आहे. हे वाचून झालं की त्यांच्यासमोर बसा. एक डोळा झाकायला सांगा, तुमच्या नाकाकडं पाहायला सांगा, आणि बाजूनं बोटं हलवत आणा. मग दुसरा डोळा. बोट दिसायला जरा जरी उशीर झाला तर डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या. बोटं दिसली तरीही एकदा दाब मोजून घ्या. आज बसाल ना त्यांच्यासमोर?